आधी टॉप लिंक पाहा, मग रंग

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअर कंपनीवर दावा दाखल केला. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला ट्रॅक्टर त्याला किंवा गावातल्या मेकॅनिकला पूर्णपणे दुरुस्त करता येऊ नये, अशी सॉफ्टवेअरची कुलपं कंपनीने घातली आहेत, हा आरोप. अशी बातमी आली की मागोमाग जुन्या ट्रॅक्टरांचं गुणगान सुरू होतं. तेव्हाचं यंत्र कसं साधं होतं, चार पाने आणि एक हातोडा असला की भागायचं, वगैरे. जुने ट्रॅक्टर विकत घ्यायचे, नटबोल्टपर्यंत खोलायचे आणि पुन्हा उभे करायचे, हा छंद ब्रिटन, आयर्लंड आणि अमेरिकेत कित्येक दशकं चालू आहे आणि त्यातल्या बऱ्याच हौशी मंडळींचीही हीच समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. हे ट्रॅक्टर दुरुस्त करता येतात, यात वाद नाही. पण ते साधे आहेत, हे मात्र पटण्यासारखं नाही. या छंदात हमखास भेटणारा करड्या रंगाचा फर्गसन टीई20 घ्या. 1946 ते 1956 या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री इथल्या बॅनर लेन कारखान्यातून असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. ताकद जेमतेम वीस-पंचवीस हॉर्सपॉवर, वजन सव्वा टनाच्या आत, बाहेरून दिसायला खेळण्यासारखा. पण चालकाच्या सीटखाली, गिअरच्याच तेलात बुडालेली एक यंत्रणा आहे, जी मातीचा जोर सतत मोजते आणि त्यानुसार नांगर वर-खाली करते. हौशी मंडळी करड्या रंगाच्या अचूक छटेवर तासन्‌तास वाद घालतात. ट्रॅक्टर 'पूर्ववत' झाला की नाही याची खरी कसोटी ही सीटखालची यंत्रणा आहे, आणि ती नांगर मातीत उतरल्याशिवाय लागत नाही.

ही यंत्रणा कशासाठी लागली, ते आधी पाहू. बैल सोडले आणि त्यांच्या जागी ट्रॅक्टर जुंपला, इतकीच सुरुवातीच्या ट्रॅक्टरांमागची कल्पना होती. नांगर मागे साखळीने किंवा दांडीने ओढला जायचा, दोघांचा संबंध तेवढाच. यात दोन अडचणी होत्या. पहिली पकडीची. चाक मातीत घसरू नये म्हणून वजन हवं, म्हणून ट्रॅक्टर कित्येक टनांचे केले जात. मग ते इंधन खात, आणि ज्या जमिनीला भुसभुशीत करायचं तिलाच दाबून घट्ट करत. दुसरी अडचण जीवघेणी होती. इंजिन मागचा आस ज्या दिशेला फिरवू पाहतं, त्याच्या उलट दिशेला ट्रॅक्टरचं धूड फिरू पाहतं. न्यूटनचा तिसरा नियमच तो. एरवी पुढच्या भागाचं वजन त्याला दाबून ठेवतं. पण फाळ खडकात किंवा जाडजूड मुळीत अडकला आणि मागची चाकं जागीच रुतली, की इंजिनाला फिरवण्यासाठी एकच गोष्ट उरते, स्वतः ट्रॅक्टर. नाक वर उचललं जातं आणि पाहता पाहता यंत्र चालकाच्या अंगावर उलटतं. 1917 पासून बाजारात आलेला हेन्री फोर्ड यांचा स्वस्त फोर्डसन अशा अपघातांसाठी बदनाम झाला होता. त्याच साली आयर्लंडच्या कृषी मंडळाने हॅरी फर्गसन यांच्याकडे सरकारी ट्रॅक्टरांच्या कामावर देखरेख करण्याची जबाबदारी दिली. हे फर्गसन म्हणजे 31 डिसेंबर 1909 रोजी स्वतः बांधलेलं विमान उडवणारे गृहस्थ. आयर्लंडमधलं ते पहिलं यंत्रचलित उड्डाण. देशभर हिंडून नांगरटी पाहिल्यावर त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की दोष एकट्या ट्रॅक्टरचा किंवा एकट्या नांगराचा नाही. ती दोन यंत्रं आहेत, हाच दोष आहे.

त्यावरचा उपाय आज कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे दिसतो. खाली दोन दांड्या, वर मधोमध एक. खालच्या दोन नांगराला ओढतात, हे उघड आहे. खरी गंमत वरच्या टॉप लिंकची. नांगर चालू असताना माती फाळाला मागे रेटते. फाळ खाली, जोडणी त्याच्या वर. त्यामुळे नांगराचा वरचा भाग ट्रॅक्टरकडे कलू पाहतो. म्हणजे टॉप लिंकवर ताण नसतो, दाब असतो, आणि जमीन जितकी कडक तितका तो दाब जास्त. ट्रॅक्टरच्या बाजूला या दांडीच्या टोकाशी एक दणकट स्प्रिंग आहे. दाब वाढला की स्प्रिंग दबते, तिच्यामुळे एक व्हॉल्व्ह सरकतो, पंपाला तेल मिळतं, लिफ्टच्या सिलिंडरमध्ये ते भरतं आणि नांगर किंचित उचलला जातो. जोर ओसरला की सगळं उलट. बैलांच्या नांगरामागे चालणाऱ्याची मूठ रुमण्यावर असते. फाळाला जड लागलं की डोळ्यांच्या आधी मनगटाला कळतं आणि हात आपोआप हलका होतो. ते मनगट इथे स्प्रिंग, व्हॉल्व्ह आणि तेलाचं झालं आहे. शिवाय टॉप लिंकचा पुढे येणारा रेटा ट्रॅक्टरचं नाक वर उचलू देत नाही, आणि नांगराला खाली खेचणाऱ्या मातीचा भार लिफ्टमार्फत मागच्या चाकांवर येतो. जड लोखंडाने जी पकड मिळवायची, ती इथे माती स्वतःच पुरवते. आणि खडक लागलाच तर यंत्रणा मागच्या चाकांवरचा भार काढून घेते. चाकं जागच्या जागी घसरतात, ट्रॅक्टर उलटत नाही.

फर्गसन यांनी याच्या पेटंटचा अर्ज 1925 मध्ये केला. ही तारीख मला फार आवडते. निगेटिव्ह फीडबॅकचा, म्हणजे परिणाम मोजून त्याच्या उलट दिशेने दुरुस्ती करण्याच्या युक्तीचा, इतिहास सांगताना विजेचे अभियंते हेरॉल्ड ब्लॅक यांची गोष्ट हमखास येते. ऑगस्ट 1927 मध्ये न्यूयॉर्कला जाणाऱ्या फेरीबोटीवर त्यांना फीडबॅक अॅम्प्लिफायरची कल्पना सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी ती मांडली. गोष्ट छानच आहे. पण त्याच्या दोन वर्षं आधी चिखलातल्या नांगरासाठी तीच युक्ती पेटंटच्या कागदावर उतरली होती, याची आठवण विजेच्या अभियंत्यांना क्वचितच होते. वाफेच्या इंजिनावरचा वॅटचा गव्हर्नर दोघांच्याही आधीचा, हे खरं. फरक असा की गव्हर्नर यंत्राचा स्वतःचा वेग सांभाळतो. फर्गसनची यंत्रणा बाहेरच्या, पावलागणिक बदलणाऱ्या जमिनीशी जुळवून घेते.

श्रेयाचा विषय निघालाच आहे तर विली सँड्स यांचं नाव घ्यायला हवं. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून ते फर्गसन यांच्याबरोबर होते. कल्पना बोलून दाखवणं, माणसं पटवणं, भांडणं आणि खटले लढवणं हा फर्गसन यांचा प्रांत. ती कल्पना धातूत उतरवून चालती करणं हे बहुतांशी सँड्स आणि त्यांच्या जोडीच्या आर्ची ग्रीअर यांचं काम. पण ट्रॅक्टरच्या पाटीवर एकच नाव मावलं. त्या नावाची नाट्यमयता मात्र नाकारता येत नाही. ऑक्टोबर 1938 मध्ये फर्गसन यांनी डिअरबॉर्न इथे हेन्री फोर्ड यांना आपल्या ट्रॅक्टरचं प्रात्यक्षिक दाखवलं, चावीच्या छोट्या खेळण्यावर त्यामागचं तत्त्व समजावून सांगितलं आणि दोघांनी लेखी करार न करता नुसतं हस्तांदोलन केलं. पुढच्याच वर्षी फोर्ड-फर्गसन 9एन बाजारात आला. पुढे फोर्ड यांच्या नातवाने ते हस्तांदोलन मोडलं. फर्गसन यांनी 25 कोटी डॉलरहून मोठा दावा लावला आणि 1952 मध्ये तो साडेब्याण्णव लाख डॉलरवर मिटला. करड्या फर्गसनची सर्वांत गाजलेली कामगिरी तर आणखीच उपरोधाची आहे. 4 जानेवारी 1958 रोजी एडमंड हिलरी आणि त्यांचे चार सहकारी तीन फर्गसन ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचले. चाकांवर पट्टे चढवलेले होते आणि मागे स्लेजगाड्या. ज्या शोधामुळे हा ट्रॅक्टर वेगळा ठरतो, त्या शोधाला बर्फावर काहीच काम नव्हतं.

विकत घेणाऱ्याची फसगतही नेमकी सीटखालच्या या यंत्रणेतच होते. इंजिन धडधडलं की सौदा होतो. इंजिन हा या ट्रॅक्टरचा सर्वांत सोपा भाग आहे. जाम झालेला पिस्टन तेल मुरवून, धीराने सुटतो. सिलिंडरचे लायनर वेगळे काढता येतात, ते बदलण्यासाठीच घडवलेले आहेत. गंजलेले सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, लोखंडाचा तुकडा दुसरा ध्रुव करून, बॅटरी चार्जरने साफ करता येतात. (दुसऱ्या ध्रुवाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि जागा उघडी हवी, कारण हायड्रोजन निघतो.) या प्रक्रियेची फार जाहिरात होते, म्हणून सांगायला हवं की ती गंज सोडवते, गंजात गेलेलं लोखंड जागेवर परत आणत नाही. एखाद्या ब्रॅकेटला ते चालतं. हायड्रॉलिक पंपाच्या पिस्टनला आणि व्हॉल्व्हला चालत नाही, कारण तिथे सगळा खेळ बारीक फटींचा आहे आणि खड्डा पडलेल्या जागेतून तेल निसटतंच. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पाणी शिरून तेलाचं दुधट मिश्रण झालेलं असतं, आणि पंप त्यातच बुडालेला. पंपाला गती पीटीओच्या, म्हणजे जोडलेली अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवरून मिळते, त्यामुळे पीटीओ जोडलेला नसेल तर लिफ्ट हलत नाही. अज्ञानापोटी कितीतरी धडधाकट लिफ्ट मृत ठरवल्या जातात. टॉप लिंकची स्प्रिंग ढिली असेल तर उलट घडतं. लिफ्ट उचलते, दिसायला सगळं ठीक, पण व्हॉल्व्हपर्यंत जमिनीचा निरोप उशिरा पोचतो. अंगणात उभ्या, नुकत्याच रंगवलेल्या ट्रॅक्टरवर यातलं काहीही दिसत नाही.

असं जुनं यंत्र चालवून पाहण्यावर संग्रहालयांचा आक्षेप वजनदार आहे. यंत्र चालवलं की झिजतं, झिजलं की भाग बदलावा लागतो, आणि बदललेल्या प्रत्येक भागाबरोबर मूळ पुरावा जातो. 1933 मध्ये बांधलेला फर्गसन यांचा काळा नमुना ट्रॅक्टर लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. तो कोणी नांगराला जुंपायला निघालं, तर आडवं पडून विरोध करावा असंच मी म्हणेन. तो एकच आहे. पाच लाखांतल्या एकाला तोच न्याय लावणं म्हणजे लोखंड जपून त्यातलं ज्ञान घालवणं. ती स्प्रिंग किती घट्ट असावी, तरफ कुठे ठेवली की इंजिनाचा आवाज बदलतो, हे रेखाचित्रात अर्धंच उतरतं. बाकीचं वापरणाऱ्याच्या हातात असतं. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. फर्गसनच्या रचनेने उलटण्याचा धोका कमी केला, संपवला नाही. ओढायची साखळी ठरलेल्या दांडीऐवजी वर कुठेतरी अडकवली की हाही ट्रॅक्टर मागे कोलमडतो. चालकाभोवती संरक्षक चौकट असावी अशी सक्ती नव्या ट्रॅक्टरांसाठी स्वीडनने 1959 मध्ये केली, म्हणजे टीई20 चं उत्पादन थांबल्यावर. पण म्हणून जुन्यावर चौकट बसवली तर 'अस्सलपणा' जातो, ही तक्रार मला तरी मान्य नाही. तिसरा मुद्दा खुद्द यंत्रणेच्या मर्यादेचा आहे आणि तो भक्तांना आवडत नाही. ही यंत्रणा जोर समान ठेवते, खोली नाही. मऊ मातीत नांगर खोल जातो, कडक पट्ट्यात उथळ. म्हणूनच फोर्डने 1947 च्या 8एनमध्ये खोली स्थिर ठेवणारा पोझिशन कंट्रोल जोडला आणि पुढे फर्गसनच्या वारसांनीही तो स्वीकारला.

आपल्याकडे हा छंद म्हणून रुजला नाही, कारण जुने ट्रॅक्टर निवृत्तच होत नाहीत. पण वंशावळ इथवर आलेली आहे. चेन्नईच्या टॅफेने साठच्या दशकापासून मॅसी फर्गसन बांधले. 1963 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाने मुंबईत बी-275 काढला, ज्याच्यामागे महिंद्रा होते. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आखलेला स्वराज 1974 पासून पंजाबात तयार होऊ लागला. लिफ्टच्या ड्राफ्ट (जोर समान ठेवणारी) आणि पोझिशन (खोली स्थिर ठेवणारी) या दोन तरफा आपल्या शेतकऱ्याला ओळखीच्या आहेत. मात्र रोटाव्हेटरला ड्राफ्टची गरज पडत नसल्याने नांगरट कमी झाली तिथे ती तरफ हात न लागता पडून असते. ड्राफ्टची तरफ असलेला एखादा जुना बी-275 किंवा सुरुवातीचा स्वराज उभा करायचं कोणाच्या मनात असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी तो नांगर लावून अशा रानात न्यावा, जिथे काळ्या मातीत मधेच मुरमाचा पट्टा येतो. ड्राफ्टची तरफ एका जागी ठेवून मग तिला हात लावायचा नाही, आणि तास संपल्यावर जागोजागी पट्टीने खोली मोजायची. मुरमावर नांगर थोडा वर येऊन पुढे आपोआप मूळ खोलीवर गेला असेल, तर आतलं सगळं जिवंत आहे. सगळीकडे खोली सारखीच भरली आणि मुरमावर इंजिन गुदमरलं, तर टॉप लिंकच्या स्प्रिंगपासून व्हॉल्व्हपर्यंतची साखळी कुठेतरी तुटली आहे. आणि नांगर सतत वर-खाली उसळत राहिला, तर कोणीतरी आधीच्या दुरुस्तीत भलतीच स्प्रिंग बसवली असण्याची शक्यता पहिली तपासावी.