बेघरांची बाजू मांडणारे कार्यक्षेत्र

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा होत. परंतु ज्याला पत्ता नाही त्याचे नाव बहुधा कोणत्याच यादीत नसते आणि ज्याचे नाव यादीत नाही त्याच्यापर्यंत योजना पोचत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी बेघरांच्या परिस्थितीचा अभ्यास करून ती शासन, न्यायालय व समाज यांच्यापुढे मांडणारे कार्यकर्ते आवश्यक असतात. समाजकार्य, कायदा किंवा नगररचना या विषयांचे शिक्षण घेतलेल्या तरुणांना हे आयुष्यभराचे कार्यक्षेत्र होऊ शकते.

पदपथावरून न्यायालयात

मुंबईच्या उदाहरणावरून या कार्याचे स्वरूप स्पष्ट होते. १९८१ साली, ऐन पावसाळ्यात, मुंबईतील पदपथांवरील झोपड्या हटविण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि पदपथवासी यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेच्या हक्काचा समावेश होतो, हे तत्त्व मान्य झाले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य झाला नाही. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत ज्यांची नोंद होती त्यांना पर्यायी जागा देण्यात यावी, असे न्यायालयाने सांगितले. नोंद असणे व नसणे यांत केवढे अंतर असते, ते येथे दिसून येते.

गणनेचे सामर्थ्य

‘स्पार्क’ या १९८४ साली स्थापन झालेल्या संस्थेने भायखळा परिसरातील सुमारे ६,००० पदपथवासी कुटुंबांची पाहणी केली व तिचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध केला. ही माणसे कोठून आली, कोणते काम करतात, पदपथावरच का राहतात, हे त्यातून प्रथमच व्यवस्थित पुढे आले. पुढे पदपथावरील स्त्रियांनी ‘महिला मिलन’च्या माध्यमातून बचत सुरू केली आणि स्वतःच्या घरांचे आराखडे तयार केले. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पदपथवासीयांचाही समावेश झाला. निकालापासून तेथवर येण्यास दहा वर्षे लागली.

तयारी कोणती हवी?

वस्तीत जाऊन पाहणी करणे, शासन निर्णय व विकास नियमावली बारकाईने वाचणे, अंदाजपत्रकातील तरतुदी तपासणे आणि अधिकाऱ्यांशी संयमाने चर्चा करणे, ही या कामाची मुख्य अंगे होत. मानधन बहुधा बेताचेच असते आणि फळ उशिरा मिळते. म्हणून चिकाटी हाच यातील खरा गुण समजावा.

सर्वांचा वाटा

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर व्यक्तींची नोंद झाली. या मोजणीत शिक्षकांचा मोठा वाटा असतो. ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाते तेव्हा कोणाचे नाव राहून गेले, हे विचारण्याचे काम पंचायत सदस्यांचे आहे. राहून गेलेले नाव यादीत आणणे, हीच या कार्याची पहिली पायरी होय.