सोने तारण, पण कोणाच्या भरवशावर?

लेबनॉनमधील कारागिराला हत्यारे घ्यायची असोत की दुकानदाराला माल भरायचा असो, घरातले सोने घेऊन ‘अल-कर्ज अल-हसन’ या संस्थेची पायरी चढण्याचा तेथे रिवाज पडला. सोने तारण ठेवा, बिनव्याजी कर्ज घ्या, फेडले की सोने परत. कर्जे हसना म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण या पेढीच्या पाठीशी कोण होते, हे व्यापारी बंधूंनी जाणून घ्यावे.

१९८२ साली इस्रायलने लेबनॉनवर स्वारी केली. त्यानंतर इराणच्या क्रांतिरक्षक दलाच्या मदतीने तेथील शिया समाजातून हिज्बुल्लाह ही सशस्त्र संघटना उभी राहिली. तिच्याच छायेखाली त्या दशकात ही पेढी निघाली. २००७ साली अमेरिकेने पेढीवर निर्बंध घातले. तरीही २०१९ मध्ये लेबनॉनच्या बँका कोसळल्या आणि ठेवीदारांना स्वतःचेच डॉलर मिळेनासे झाले, तेव्हा लोकांचा ओढा तिच्याकडे वाढला.

हिज्बुल्लाहची लढाई मात्र लेबनॉनपुरती राहिली नाही. २००६ साली इस्रायलशी युद्ध झाले. २०१३ पासून ती सीरियात असद राजवटीच्या बाजूने उघडपणे लढली. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझाच्या समर्थनार्थ तिने इस्रायलविरुद्ध आघाडी उघडली.

त्याची झळ पेढीला लागली. हिज्बुल्लाहला येथून पैसा पुरतो असे सांगत इस्रायलने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्या अनेक शाखांवर बॉम्ब टाकले. सोने आधीच सुरक्षित जागी हलवले आहे, असे संस्थेने कळवले. पण ज्याचे दागिने तारण होते, त्याची झोप उडाली असेल हे सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये लेबनॉनच्या मध्यवर्ती बँकेने परवानाधारक बँकांना या पेढीशी व्यवहार करण्यास मनाई केली. युद्धामुळे देशाला सुमारे १४ अब्ज डॉलरचा फटका बसल्याचा अंदाज जागतिक बँकेने दिला.

व्याज नको ही भावना रास्तच. गरजूला त्या पेढीने हात दिला, हेही खरे. परंतु कर्जदार लढाईचा निर्णय घेणारा नव्हता, आणि त्या निर्णयाची जोखीम त्याच्या सोन्यावर आली. पैसा वा दागिना कोठेही ठेवताना व्याजाचा दर तर पाहावाच. तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती आहे, हेही विचारावे.