हाकेला न येणारं कुत्रं ‘येडं’ नसतं! बहिरं कुत्रं सांभाळताना ही काळजी घ्या

पांढरंशुभ्र पिल्लू कितीही हाका मारल्या तरी वळून बघत नाही. भाकरी दिसली की मात्र पळत येतं. मग ‘येडं आहे, राखणीच्या कामाचं नाही’ म्हणून त्याला गावाबाहेर सोडून देतात. खरं तर अशा पिल्लाला अनेकदा ऐकूच येत नसतं. बहिरं कुत्रं घरी नीट सांभाळता येतं, फक्त सवयी थोड्या बदलाव्या लागतात.

बहिरेपण कशामुळे?
काही पिल्लांच्या कानाच्या आतल्या भागात रंगपेशी नसतात. त्यामुळे ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. पांढऱ्या अंगाच्या, निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं. पण प्रत्येक पांढरं कुत्रं बहिरं नसतं. कानाचा जुना आजार आणि म्हातारपण हीसुद्धा कारणं आहेत.

ओळखायचं कसं?
पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की ते झोपलेलं असताना थोड्या अंतरावरून ताट वाजवा. जमिनीला हादरा बसू देऊ नका. कानही हलला नाही, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. कानात मळ किंवा संसर्ग असेल तर उपचार होतात. मनानं तेल घालू नका.

शिकवायचं कसं?
- ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ यासाठी हाताची एकेक खूण ठरवा. घरातल्या सगळ्यांनी तीच खूण करावी.
- खूण ओळखली की लगेच खाऊ द्या.
- लक्ष वेधायला जमिनीवर पाय आपटा. रात्री बॅटरी चमकवा.

सगळ्यात महत्त्वाचं
- झोपेत अचानक हात लावू नका. दचकून ते चावू शकतं. नाकासमोर हात धरा, वास घेऊ द्या, मग हळूच खांद्याला स्पर्श करा. लहान मुलांना हे आधी शिकवा.
- ट्रॅक्टर, गाडीचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही. रस्त्यावर मोकळं सोडू नका. पट्ट्यावर मोबाइल नंबर आणि ‘बहिरं आहे’ असं लिहा.
- तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या, नंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं दरवर्षी.
- जन्मजात बहिरेपण पुढच्या पिल्लांत उतरू शकतं, म्हणून नसबंदी करून घ्या.

कुत्रं चावलंच तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

रात्रीच्या राखणीसाठी एकट्या बहिऱ्या कुत्र्यावर विसंबू नका. सोबत ऐकू येणारं दुसरं कुत्रं असेल, तर त्याच्या हालचाली पाहून हेही सावध होतं. आणि पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं राहील असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.