द्राक्षांवरील औषधांची मर्यादा

माघ सरत आला कीं नाशिककडचीं द्राक्षें जळगांव-धुळ्याच्या बाजारांत मुबलक दिसूं लागतात, आणि घरोघरीं जुनाच वाद निघतो. आजीबाई म्हणतात, ह्यांवर विषारी औषधें मारलेलीं असतात, मुलांस देऊं नका. कॉलेजांत जाणारा नातू म्हणतो, सरकारनें मर्यादा ठरविली आहे, भिण्याचें कारण नाहीं. दोघांचेंही म्हणणें अर्धेंच खरें आहे. कारण ही मर्यादा ठरते कशी, हें बहुधा कोणी पाहिलेलें नसतें.

ह्यांत हिशेब दोन आहेत. पहिला पोटाचा. एखादें औषध प्राण्यांस रोज किती दिलें असतां अपाय दिसत नाहीं, तें प्रमाण शोधून साधारणतः त्याचा शंभरावा भाग मनुष्यास जन्मभर रोज चालेल असें धरतात. प्राणी व मनुष्य यांतील भेदासाठीं दहापट सावधगिरी, आणि माणसामाणसांतील भेदासाठीं पुनः दहापट. तान्हें मूल व पहिलवान कांहीं सारखे नव्हेत! दुसरा हिशेब शेताचा. सांगितल्याप्रमाणें फवारून, ठरलेले दिवस थांबून फळ तोडलें तर त्यांत किती अंश उरतो, हें प्रयोगक्षेत्रांत मोजून किलोमागें मर्यादा बांधतात, व ती पहिल्या हिशेबांत बसते कीं नाहीं हें ताडून पाहतात. म्हणून मर्यादा ओलांडली म्हणजे विषबाधा झालीच असें नव्हे. औषध वापरतांना कोठें तरी नियम मोडला असावा, एवढें त्यावरून समजावें.

2010 सालीं महाराष्ट्राची द्राक्षें युरोपांत अडविलीं गेलीं, तीं क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळें. हें कीड मारणारें औषधही नव्हे; वेलीची फाजील वाढ आवरण्यासाठीं तें वापरीत. तेथील मर्यादा किलोस 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. आपल्याकडील निर्यात-तपासणीच्या यादींत तें द्रव्यच नव्हतें. मग सांपडावें कसें? बागाईतदार बिचारे बुडाले, आणि यादी मागाहून वाढली.

आज परदेशीं जाणाऱ्या द्राक्षांचे नमुने नोंदलेल्या बागांतून काढून तपासतात. आपल्या गल्लींतील हातगाडीवरच्या मालाचें तसें होत नाहीं, आणि हेंच मला खटकतें. मर्यादा आपल्या देशांतही आहेत. जेथें निराळी ठरविलेली नाहीं तेथें सामान्यतः किलोस 0.01 मिलिग्रॅम धरतात. पण मोजणाराच नसेल तर आकडा कागदावर राहतो.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें आपलें खानदेशी केळेंही द्राक्षासारखें मृदुफळच! परंतु केळें सालीसकट तपासतात आणि आपण साल टाकून देतों. द्राक्षाची सालच पोटांत जाते. वाहत्या पाण्यांत घड चोळून धुतल्यानें धूळ व वरवरचें औषध पुष्कळ निघतें. वेलीच्या रसांत भिनलेलें निघत नाहीं. तें ओसरावयाचें तर फवारणी व तोडणी यांमधील दिवस पुरे भरले पाहिजेत. बाजार तेजींत असतां तेवढे दिवस हात आवरणें किती कठीण, हें केळीच्या बागा असलेल्या आपल्या कोणा रावेर-यावलच्या नातलगास विचारून पाहावें.