नव्या चित्रकलेचें घर

औंढ्याच्या नागनाथास प्रदक्षिणा घालतांना भिंतींवरील हत्ती, देवता व सुरसुंदरी यांकडे पाहून ‘याचा अर्थ काय?’ असें आमच्या घरांतील कोणीं विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. बायका हात जोडतात, मुलें हत्ती मोजतात आणि पुढें सरकतात. तींच माणसें मुंबईंत एखाद्या नव्या चित्रापुढें उभीं केलीं, कीं पहिला प्रश्न अर्थाचा; आणि मागोमाग, थोड्या हळू आवाजांत, ‘असें तर आपला बंडूही काढील’ हा शेरा.

मागें एकदां सहकुटुंब मुंबईस गेलों असतां हा अनुभव आम्हीं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत घेतला. हें संग्रहालय म्हणजे जुनें सर कावसजी जहांगीर सभागृह. समोरील वस्तुसंग्रहालय व अपोलो बंदरावरील गेटवे ज्यांच्या कल्पनेंतून उतरले, त्या विटेट साहेबांनींच तें १९११ सालीं उभारलें. सभा व गाण्याचे जलसे जेथें होत, तेथें आंतील रचना बदलून अर्धवर्तुळाकार मजले चढविले आणि १९९६ सालीं चित्रें आलीं.

तेथून हांकेच्या अंतरावर, रॅम्पार्ट रोवरील बाँबे आर्ट सोसायटीच्या दालनांत, १९४९ सालीं सहा तरुणांनीं आपलें प्रदर्शन मांडलें होतें. त्याचें उद्घाटन मुल्कराज आनंद यांनीं केलें. गोव्याचे सूझा, मध्यप्रांताचे रझा, पंढरपूरचे हुसेन, वऱ्हाडांतील तळेगांव दशासरचे गाडे, शिल्पकार बाकरे आणि आरा हे ते सहा जण. त्यांनीं १९४७ सालीं ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप’ स्थापिला. कलाशाळेंत शिकविलें जाणारें हुबेहूब चित्रणही त्यांस नको होतें आणि बंगालच्या पुनरुज्जीवनवाद्यांचे स्वप्नाळू रंगही नको होते. युरोपांतून आश्रयास आलेल्या लँगहॅमर, फॉन लायडन, श्लेसिंगर यांसारख्या रसिकांनीं त्यांस धीर दिला. हुसेन हे आमच्या नरसीच्या नामदेवांच्या विठोबाच्या गांवचे. ते आधीं सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत.

पण आम्हांस अधिक जवळचे वाटतात ते कृष्णाजी हौलाजी आरा. त्यांचा जन्म १९१४ सालीं हैदराबादजवळील बोलारम येथें झाला. हिंगोलीच्या वाचकांस हें नांव परकें वाटूं नये. निजामाच्या खर्चानें इंग्रज जें ‘काँटिंजंट’ सैन्य बाळगीत, त्याच्या छावण्या जशा बोलारमला तशाच हिंगोलीसही होत्या. आरा लहानपणींच मुंबईस पळून आले. परक्यांच्या घरीं चाकरी करावी, मोटारी धुवाव्या आणि उरल्या वेळीं रंगवावें, असा त्यांचा क्रम होता. मिठाच्या सत्याग्रहांत त्यांनीं तुरुंगही पाहिला. कोणत्याही कलाशाळेचें शिक्षण त्यांस लाभलें नव्हतें. तरी १९४२ सालीं त्यांचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन भरलें. लोटे, फुलदाण्या, मोकळ्या हातानें लाविलेलीं फुलें हा त्यांचा संसार.

मंडळ फार टिकलें नाहीं. १९४९ सालीं सूझा लंडनला गेले, १९५० सालीं रझा पॅरिसला, १९५१ सालीं बाकरेही इंग्लंडला. सहाव्या दशकाच्या मध्यास मंडळ संपल्यांत जमा झालें. आरा मात्र मुंबईंतच राहिले व १९८५ सालीं तेथेंच वारले. बाकरे १९७५ सालीं परतले आणि २००७ सालीं मरेपर्यंत कोंकणांत मुरूड-हर्णैच्या बाजूस राहिले. त्यांच्याविषयीं फारच थोडें लिहिलें गेलें, याची आम्हांस खंत वाटते.

हॉलंडांत काय झालें पाहा. १९४८ सालीं पॅरिसमध्यें ‘कोब्रा’ नांवाचें असेंच बंडखोर मंडळ निघालें व १९५१ सालीं मोडलें. त्यांतील कारेल अपेल यांनीं अ‍ॅम्स्टरडॅमच्या नगरगृहांत काढलेलें भित्तिचित्र पाहून तेथें जेवणाऱ्या कारकुनांस अन्न गोड लागेना. म्हणून तें वर्षानुवर्षें झांकून ठेविलें! त्याच शहरालगत अ‍ॅम्स्टलव्हेन येथें १९९५ सालीं त्या मंडळाच्या नांवाचें संग्रहालय उघडलें.

आपल्याकडे ह्या सहांचें असें घर नाहीं. होमी भाभा यांनीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठीं त्यांचीं व त्यांच्या समकालीनांचीं चित्रें साक्षेपानें जमविलीं, हे उपकार मोठे. पण ती जागा शास्त्रज्ञांची. सरकारी संग्रहालयास तर सर्वच कलावंतांची सोय पाहावी लागते. चित्रें बदलतात, आज भिंतीवर असलेलें उद्यां कोठारांत जातें. मुंबईकरास तें चालेल, तो पुन्हा येईल. आमच्या जिल्ह्यांतून आयुष्यांत एकदांच येणाऱ्यानें काय करावें? त्या वर्तुळाकार वास्तूचा एक मजला कायमचा ह्या सहांस द्यावा, एवढेंच आमचें मागणें आहे.

त्या दिवशीं आराच्या फुलांच्या एका चित्रापुढें आमच्या वृद्ध आत्याबाई बऱ्याच वेळ उभ्या राहिल्या. अर्थ त्यांनीं विचारला नाहीं. ‘पाणी रोज बदलत असेल हो हा,’ एवढें म्हणाल्या आणि मग, ‘कुठला रे?’

‘बोलारमचा, आत्या.’

‘म्हणजे आपल्याच राज्यांतला कीं,’ असें म्हणून त्या पुढच्या चित्राकडे वळल्या.