पार्श्वभूमीतील टिकाऊ कार्यप्रवाह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पायथनमध्ये लिहिलेल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये वेळखाऊ काम पार्श्वभूमीतील रांगेत टाकले की ते सुरक्षित झाले, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात रांग काम करण्याचा निरोप तेवढा सांभाळते. काम कुठवर झाले याची नोंद ती ठेवत नाही. सेलरी ही प्रचलित कार्यरांग मूळ मांडणीत काम सुरू होण्याच्या बेतातच निरोपाची पोच देते, त्यामुळे वर्कर, म्हणजे काम उचलणारी प्रक्रिया, मध्येच कोसळला तर अर्धवट राहिलेल्या कामाचा मागमूस रांगेत उरत नाही. पोच काम संपल्यावर देण्याची सोय सेलरीत आहे, परंतु निरोप साठवण्यासाठी रेडिस हा डेटासाठा वापरला असेल, तर मूळ मुदतीनुसार १ तासात पोच न आलेला निरोप दुसऱ्या वर्करकडे जातो आणि पहिले काम चालू असतानाच तेच काम पुन्हा सुरू होऊ शकते.

टिकाऊ कार्यप्रवाहात प्रत्येक पायरीचा निकाल कायमस्वरूपी नोंदवला जातो. उबरमधील केडेन्स या प्रकल्पातून २०१९ मध्ये वेगळी झालेली टेम्पोरल ही प्रणाली याच तत्त्वावर चालते. अशी प्रणाली चालू प्रोग्रामच्या स्मृतीची प्रतिमा साठवते, हा समज मात्र चुकीचा आहे. नवा वर्कर कार्यप्रवाहाचे फंक्शन पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवतो आणि पूर्ण झालेल्या पायऱ्या पुन्हा न करता त्यांचे नोंदलेले निकाल वापरतो. म्हणूनच त्या फंक्शनमध्ये संगणकाचे घड्याळ किंवा यादृच्छिक संख्या थेट वापरता येत नाही. पुनरावृत्तीत वेगळी वाट धरली गेली, तर जुनी नोंद आणि कोड यांचा मेळ बसत नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा, की टिकाऊपणामुळे प्रत्येक पायरी नेमकी एकदाच घडते. ग्राहकाच्या खात्यातून पैसे वळते झाले आणि निकाल नोंदवण्यापूर्वीच वर्कर बंद पडला, तर प्रणालीच्या लेखी ती पायरी झालेलीच नसते. टेम्पोरलच्या मूळ धोरणात फेरप्रयत्नांच्या संख्येला मर्यादा नाही, त्यामुळे ती पायरी सहसा पुन्हा केली जाते. निकालांची नोंद ज्या डेटाबेसात होते त्यातच पायरी लिहिणारी असेल, तर नोंद आणि बदल एकाच व्यवहारात बांधता येतात, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर आधारलेली डीबीओएस ही लायब्ररी तशी सोय देते. बाहेरच्या बँकेला मात्र त्या व्यवहारात ओढता येत नाही. तेथे प्रत्येक मागणीसोबत ओळखक्रमांक पाठवून, तोच क्रमांक पुन्हा आल्यास दुसऱ्यांदा पैसे न कापण्याची हमी समोरच्या सेवेकडून घ्यावी लागते. हा क्रमांक कार्यप्रवाहाची ओळख आणि पायरीचे नाव यांवरून ठरवावा. प्रत्येक प्रयत्नात तो नव्याने तयार केला, तर बँकेच्या दृष्टीने प्रत्येक प्रयत्न ही नवीच मागणी ठरते.