संथ इंटरनेट आणि एकच सेवादाता : दोष घरात की घराबाहेर?

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावे असोत, पालघरचा किनारा असो वा कोकणातील एखादी वाडी, घरापर्यंत इंटरनेटची तार आणून देणारा सेवादाता पुष्कळ ठिकाणी एकच असतो. कोठे तो स्थानिक केबलचालक असतो, तर कोठे दूरध्वनी कंपनी. शहरातील मोठ्या संकुलात राहणाऱ्यास तीन-चार कंपन्यांमधून निवड करता येते. वाडीतील कुटुंबाला मात्र जे मिळेल त्यावर भागवावे लागते. आखाती देशात नोकरीस असलेल्या मुलाचा चेहरा बोलता बोलता पडद्यावर गोठतो, मुलीची ऑनलाइन परीक्षा मध्येच खंडित होते, वृद्ध आईला डॉक्टरांचा सल्ला नीट ऐकू येत नाही. 'आमच्याकडे नेट असेच' असे म्हणून आपण स्वस्थ बसतो.

सेवादाता बदलता येत नसला, तरी दोष कोठे आहे हे शोधणे आपल्या हाती असते, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अनेकदा अडथळा घराच्या चार भिंतींतच सापडतो आणि तो विनाखर्च दूर होतो. तो बाहेर असेल, तर आकड्यांनिशी केलेली तक्रार टाळणे सेवादात्यास कठीण जाते.

१. वेग म्हणजे काय?

योजनेच्या जाहिरातीतील वेग 'मेगाबिट प्रति सेकंद' या मापात असतो, तर संगणकावर फाइल उतरताना दिसणारा आकडा बहुधा 'मेगाबाइट'मध्ये असतो. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट या गतीने उतरेल. हा भेद न समजल्याने अनेकांना आपली फसवणूक झाली असे विनाकारण वाटते.

शासनाच्या व्याख्येप्रमाणे 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यासाठी २००४ साली किमान २५६ किलोबिट वेग पुरेसा होता. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. मात्र चांगल्या प्रतीच्या एका व्हिडिओ संभाषणासच साधारण ३ ते ४ मेगाबिट लागतात, तेही दोन्ही दिशांनी.

म्हणून वेगाची चाचणी करताना तीन आकडे पाहावेत: आपल्याकडे माहिती येण्याचा वेग (डाउनलोड), आपल्याकडून जाण्याचा वेग (अपलोड) आणि संदेश जाऊन उत्तर येण्यास लागणारा विलंब (पिंग). डाउनलोड उत्तम असूनही समोरच्यास आपला आवाज तुटक ऐकू येत असेल, तर अपलोड वा विलंबाकडे पाहावे.

२. पहिली कसोटी : तारेने चाचणी

मोबाइलवर वाय-फायने केलेली चाचणी दोन गोष्टींची सरमिसळ करते: बाहेरून येणारी जोडणी आणि घरातील रेडिओलहरी. त्या वेगळ्या करण्याचा सोपा उपाय म्हणजे लॅन केबलने संगणक थेट राउटरला जोडणे. घरातील इतर सर्व उपकरणे तेवढ्यापुरती बंद ठेवावीत आणि मग वेग मोजावा.

तारेने वेग योजनेप्रमाणे मिळाला आणि वाय-फायवर मात्र मिळाला नाही, तर दोष घरात आहे. तारेनेही तो कमी असेल, तर दोष राउटरमध्ये, केबलमध्ये किंवा बाहेर आहे. अशा वेळी राउटर एकदा बंद करून पुन्हा चालू करावा आणि शक्य असल्यास दुसऱ्या केबलने व दुसऱ्या संगणकावर चाचणी करावी. चाचणीसाठी सेवादात्याचा स्वतःचा सर्व्हर निवडू नये. तेथवरचा मार्ग त्याच्याच जाळ्यातला असल्याने आकडा फसवा ठरू शकतो.

३. घरातील अडथळे

राउटरची जागा: केबलचालक तार जेथून आत आणतो तेथेच, म्हणजे बहुधा पडवीत वा खिडकीच्या कोपऱ्यात, राउटर टांगून जातो. जुन्या घरांच्या जाड भिंती आणि नव्या घरांचे काँक्रीटचे स्लॅब रेडिओलहरींना अडवतात. लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याची टाकी यांचाही अडथळा होतो. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळ्या जागी ठेवावा. दुमजली घरात वरच्या मजल्यावर लॅन केबल ओढून तेथे दुसरा राउटर बसविणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

दोन लहरी: बहुतेक राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतात. पहिली दूरवर पोहोचते, पण शेजाऱ्यांचे वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांच्यामुळे तेथे गर्दी होते. दुसरी वेगवान असते, परंतु भिंतींपुढे लवकर क्षीण होते. राउटरच्या खोलीत ५ आणि लांबच्या खोलीत २.४ वापरावी. गर्दी फार असल्यास २.४ मध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडावा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

जुनी साधने: ज्या राउटरच्या जोडखाचा १०० मेगाबिटच्या आहेत, त्यावर २०० मेगाबिटची योजना घेणे व्यर्थ आहे. लॅन केबलमधील आठपैकी चारच तारा जोडलेल्या असल्या, तरी वेग १०० च्या पुढे जात नाही.

न दिसणारा वापर: मोबाइल चार्जिंगला लावताच दिवसभराची छायाचित्रे आपोआप इंटरनेटवर चढू लागतात, अपलोडची वाट भरून जाते आणि सर्वांचेच संभाषण अडखळते. ही कामे रात्री उशिरावर ढकलावीत. वाय-फायचा पासवर्ड वाडीभर पसरला असेल, तर तो बदलावा.

योजनेची मर्यादा: महिन्याच्या आरंभी वेग ठीक आणि अखेरीस मंद, असे होत असेल तर ठरलेला जीबीचा साठा संपल्यावर वेग घटविण्याची अट योजनेत आहे का, हे पाहावे.

४. घराबाहेरील दोष कसा ओळखावा?

फायबरच्या उपकरणावरील 'लॉस' या अक्षरांचा दिवा तांबडा होऊन लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचत नाही. झाडांवरून आणि विजेच्या खांबांवरून ओढलेली तार वाऱ्यापावसात ताणली जाते, वाकते वा तुटते. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो, म्हणून घरातही ती खिळ्याला घट्ट गुंडाळू नये. फायबर स्वतः कापू वा जोडू नये आणि तिच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नये. तो अदृश्य प्रकाश डोळ्यांस अपायकारक ठरू शकतो. जोडणी अजून तांब्याच्या तारेची असेल, तर खाऱ्या हवेने गंजलेले आणि पावसाळ्यात ओलावलेले सांधे हे मंदपणाचे नेहमीचे कारण असते.

पहाटे वेग पूर्ण आणि रात्री नऊला तो तळाशी, असे दररोज घडत असेल तर कारण निराळे आहे. प्रत्येक घराला स्वतंत्र वाट नसते. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत सुमारे २.५ गिगाबिटचा प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. त्यापलीकडे स्थानिक सेवादाता मोठ्या कंपनीकडून ठरावीक क्षमता विकत घेतो. ग्राहक वाढले आणि क्षमता तेवढीच राहिली, की सायंकाळी सर्वांच्या वाट्याला थोडे थोडे येते. येथे नवा राउटर घेणे म्हणजे पैशांचा अपव्यय होय.

५. तक्रार कशी करावी?

'नेट स्लो आहे' ही तक्रार नव्हे. सलग सात दिवस सकाळी ६ व रात्री ९ वाजता तारेने वेग मोजून वहीत नोंदवावा आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. मग नमुन्यादाखल असे लिहावे: 'योजना ५० मेगाबिट. चाचणी लॅन केबलने, इतर उपकरणे बंद. सकाळी ४८, रात्री ६. सात दिवस हाच अनुभव.' हे लेखी द्यावे व तक्रार क्रमांक अवश्य मागून घ्यावा.

दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात 'ट्राय' व्यक्तिगत तक्रारी सोडवीत नाही. त्याच्या २०१२ च्या नियमावलीने दोन पायऱ्या आखून दिल्या आहेत: आधी सेवादात्याचे तक्रार केंद्र, समाधान न झाल्यास त्याचाच अपील प्राधिकारी. अपिलास शुल्क नाही. त्यानंतर केंद्र शासनाच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे दाद मागता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. दूरसंचार सेवेविषयीच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दिला आहे.

तथापि वाडीत एकच सेवादाता असताना एकट्याने भांडण्यापेक्षा दहा घरांनी मिळून नोंदी ठेवणे अधिक फलदायी ठरते. दहा घरांचा वेग एकाच वेळी घसरतो हे वहीत दिसले, की 'तुमचाच राउटर खराब' हे उत्तर देता येत नाही. सामूहिक मागणीही नेमकी असावी: क्षमता वाढवावी, सांधे दुरुस्त करावेत, वीज गेल्यावर चौकातील पेटी चालू राहावी म्हणून बॅटरी बसवावी.

६. दुसरा मार्ग हाताशी असावा

परीक्षा, मुलाखत वा वैद्यकीय सल्ला यांसारख्या प्रसंगी मोबाइलचा डेटा पर्याय म्हणून तयार ठेवावा. तो शक्यतो निराळ्या कंपनीचा असावा. घराच्या कोणत्या खिडकीत संकेत सर्वांत चांगला मिळतो, हे आधीच पाहून ठेवावे. २०२३ पासून देशात ५जी लहरींद्वारे घरगुती इंटरनेट देणाऱ्या सेवा सुरू झाल्या आहेत. त्या आपल्या गावात पोहोचल्या आहेत का, याची चौकशी करावी. परंतु शेजाऱ्याकडे सायंकाळचा वेग मोजल्याखेरीज वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत.

आपल्या धर्मग्रामातील तरुणांना आमची विनंती आहे, की एका रविवारी दुपारी लॅन केबल व संगणक घेऊन त्यांनी शेजारच्या वयोवृद्धांच्या घरी जावे, चाचणी करावी आणि राउटर योग्य जागी हलवावा. परदेशी असलेल्या लेकराशी अखंड बोलता येणे हा त्या घरांचा दिवसाकाठचा मोठा आधार असतो आणि त्यासाठी कित्येकदा अर्ध्या तासाचे श्रम पुरेसे होतात.